नवी गाडी, गोव्याचा पाऊस आणि शोरूमचा दुसरा कागद

बुकिंगच्या टेबलावर गाडीच्या किमतीचा कागद येतो आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो. ॲक्सेसरी किट, अंडरबॉडी कोटिंग, टेफ्लॉन, सिरॅमिक, सीट कव्हर, विमा, वाढीव वॉरंटी अशी यादी असते आणि बेरीज चाळीस हजारांपासून लाखापर्यंत सहज जाते. गाडीच्या किमतीपुढे ही रक्कम लहान वाटते. त्यात चवथीला किंवा दसऱ्याला गाडी दारात उभी हवी असते, म्हणून घाईघाईत सही होते. तो कागद घरी आणा आणि एकेक ओळ वाचा. त्यातल्या काही गोष्टी गोव्यात खरोखरच लागतात, काही नुसत्याच दिखाऊ आहेत आणि दोन-तीन तर गाडीचं नुकसान करणाऱ्या आहेत.

आधी एक हिशेब करा. ॲक्सेसरीचे ६०,००० रुपये कर्जात धरले, व्याज ९ टक्के आणि मुदत ७ वर्षं असली, तर महिन्याला सुमारे ९६५ रुपये हप्ता वाढतो आणि एकूण ८१,००० रुपये जातात. चार वर्षांत झिजणाऱ्या मॅटवर आणि सीट कव्हरवर सात वर्षं व्याज भरण्यात काही अर्थ नाही. ॲक्सेसरी कर्जाच्या बाहेर ठेवा. लागतील त्या रोखीने आणि सवडीने घ्या.

गोव्यात गाडीचे शत्रू चार: खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस, लाल माती आणि बंद गाडीत साचणारा दमटपणा. पैसे कुठे घालायचे हे या चौघांकडे बघून ठरवायचं.

खालचा पत्रा

शोरूममध्ये सगळ्यात जोर लावून विकली जाते ती अंडरबॉडी कोटिंग, साधारण तीन ते सहा हजारांना. "गोव्यात गंज लागतो" हे खरंच आहे, त्यामुळे लगेच पटतं. पण आजच्या गाडीची पूर्ण बॉडी कारखान्यात प्रायमरच्या टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने रंगवलेली असते, आणि सांध्यांवर, चाकांच्या कमानीत पीव्हीसीचा जाड थर दिलेला असतो. डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी घाईत मारलेला काळा डांबरी थर त्याच्यात फारशी भर घालत नाही. उलट बिघाड करू शकतो. यार्डात धूळ खात उभ्या असलेल्या गाडीचा तळ न धुता, न सुकवता फवारा मारला, तर माती आणि ओल आतच कोंडली जाते. डांबरी थर वर्षा-दोन वर्षांत कडक होतो, त्याला बारीक भेगा पडतात, भेगांतून खारं पाणी आत शिरतं आणि वरून सगळं काळं-चकचकीत दिसत असताना आत पत्रा खात राहतो. दरवाजाच्या आणि सिलच्या (दरवाजाच्या पायरीखालच्या पोकळ पट्टीच्या) खालची पाणी जायची भोकं त्याच थराने बुजली, तर गंज आतून बाहेर येतो. तो दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणून आधी बघायचं. गाडी रॅम्पवर किंवा लिफ्टवर घ्या आणि टॉर्च मारा. कमानीत आणि सांध्यांवर कारखान्याचा खरबरीत थर दिसतो, मोठ्या भागावर प्लॅस्टिकची कव्हरं असतात. सायलेन्सरच्या जोडांवर तांबूस थर दिसला तर घाबरू नका, तो वरवरचा असतो आणि नव्या गाडीलाही येतो. लक्ष द्यायचं ते सस्पेन्शनच्या आर्मवर, सबफ्रेमच्या वेल्डिंगवर आणि बोल्टच्या डोक्यांवर.

तुमचं घर किनाऱ्याला लागून असेल, किंवा चोडण-दिवाडीसारख्या बेटावर जायला रोज फेरीबोट लागत असेल, तर वेगळा विचार करा. भरतीला फेरीच्या रॅम्पवर खाडीचं पाणी असतं, त्यातून चढता-उतरताना तळ खाऱ्या पाण्याने भिजतो. अशा गाडीला संरक्षण द्यावंच. पण ते मेणासारखं किंवा लॅनोलिनचं (मेंढीच्या लोकरीतल्या मेणाचं), म्हणजे मऊ राहणारं आणि ओरखडा पडला तरी सरकून भरून येणारं घ्या. काम मार्च ते मेमध्ये, कोरड्या हवेत करून घ्या. तळ प्रेशरने धुऊन घेतल्यावर गाडी किमान एक पूर्ण दिवस सुकू द्यावी. सायलेन्सर, ब्रेक डिस्क, ब्रेकचे होज, ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट, सेन्सर, वायरचे कनेक्टर आणि पाण्याची भोकं कागद-टेपने झाकून मगच फवारा मारायचा. टेप लावायला कंटाळणाऱ्या माणसाला हे काम देऊ नका. सायलेन्सरवर पडलेलं मेण आठवडाभर धूर काढतं आणि ब्रेक डिस्कवर पडलं तर ब्रेकच लागत नाही.

त्याहून मोलाचं काम म्हणजे आतल्या पोकळ्यांत मेण मारणं. दरवाजाचा खालचा भाग, पायरीखालचा सिल आणि डिकीच्या दरवाजाची खालची कड इथे पाणी आतल्या बाजूने साचतं. बारीक नळी असलेला कॅव्हिटी वॅक्सचा डबा मिळतो. रबरी बुच काढून नळी आत सरकवायची आणि मागे ओढत ओढत फवारायचं. गाडी रात्रभर तशीच ठेवायची, जादा मेण खालच्या भोकांतून ठिबकून जातं. सकाळी प्लॅस्टिकची केबल टाय घालून प्रत्येक भोक मोकळं आहे ना ते बघायचं. लोखंडी तार घालू नका, ती रंग खरवडते आणि जिथे खरवडते तिथेच गंज धरतो.

गाडी विजेवर चालणारी असेल तर बॅटरीचा पॅक तळालाच असतो. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय त्याच्यावर काहीही मारू देऊ नका.

या सगळ्याहून स्वस्त उपाय नळाला लावलेली साधी पाइप. समुद्राकाठी गाडी उभी राहिली किंवा फेरीतून आली, की त्याच दिवशी गोड्या पाण्याने चारही कमानी आणि तळ दहा मिनिटं धुवा. धार जोरदार लागत नाही, पाणी भरपूर लागतं. आणि गाडी पुळणीवर नेऊ नका. तसं करणं बेकायदा आहे, आणि रुतलेली गाडी ओढून काढताना भरतीचं पाणी दरवाजाच्या वर चढतं.

रंगावरचे थर

टेफ्लॉन, सिरॅमिक आणि पीपीएफ ही तीन नावं एकाच दमात घेतली जातात, पण वस्तू तीन वेगळ्या.

शोरूमची टेफ्लॉन कोटिंग बहुतेक वेळा पॉलिश आणि वर सीलंट असते. काही महिने पाणी मोत्यासारखं घरंगळतं, मग संपलं. त्याला तीन-चार हजार देण्याऐवजी एक चांगलं स्प्रे सीलंट आणून तीन महिन्यांनी घरीच मारा.

सिरॅमिकचा थर खराखुरा असतो, पण एक-दोन मायक्रॉनचा. गाडीच्या रंगाचा वरचा पारदर्शक थरच साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. त्यामुळे दगड, बाइकचं हँडल, भिंतीची कड यांच्यापासून सिरॅमिक वाचवत नाही. सिरॅमिकच्या जाहिरातीतला ‘९ एच’ हा आकडा पेन्सिलच्या शिशाच्या कडकपणाच्या चाचणीतला आहे, दगडाचा मार झेलण्याचा नाही. सिरॅमिकचा खरा फायदा म्हणजे घाण चिकटत नाही, धुणं सोपं होतं आणि पक्ष्यांची विष्ठा, माडाचा नि आंब्याचा चीक पुसायला थोडा वेळ मिळतो. गाडी उघड्यावर झाडाखाली उभी राहत असेल आणि तुम्ही स्वतः धूत असाल, तर १२ ते २५ हजारांना ते पटण्यासारखं आहे. गाडी रोज सकाळी कोणी एकाच फडक्याने कोरडी पुसत असेल, तर सिरॅमिकचे पैसे वाया गेले समजा. ते फडकं लाल मातीचे कण रंगावर घासतं आणि महिन्याभरात उन्हात गोल-गोल चरे दिसायला लागतात. बोअरवेलचं पाणी रंगावर सुकू देऊ नका. त्यातल्या क्षारांचे पांढरे ठिपके सिरॅमिकवरही बसतात. एका बादलीत शॅम्पू, दुसरीत साधं पाणी, जाड मायक्रोफायबर आणि सावली एवढं सांभाळलं, तर कोटिंग नसलेली गाडीही पाच वर्षं चांगली दिसते.

पीपीएफ म्हणजे १५० ते २०० मायक्रॉन जाडीची पारदर्शक लवचीक फिल्म. दगडाचा मार झेलणारी वस्तू हीच. पूर्ण गाडीला सत्तर-ऐंशी हजारांपासून दीड लाखाच्या पलीकडेही खर्च येतो, आणि मध्यम किमतीच्या गाडीला तो आम्हाला पटत नाही. एवढ्यात पुढचा बंपर कितीतरी वेळा रंगवून होतो. पण तुकड्यांत लावलेली फिल्म पैसा वसूल करते. चोर्ला किंवा अनमोड घाटातून ट्रकच्या मागे नेहमी जात असाल, तर बंपर आणि बॉनेटचा पुढचा फूटभर. सर्वांसाठी दरवाजाच्या मुठीमागची वाटी, दरवाजांच्या कडा आणि डिकीचा उंबरठा. मुठीमागच्या वाटीत अंगठीचे, नखांचे चरे पहिल्याच महिन्यात पडतात. फिल्म लावताना रंगावर ब्लेड चालवायला देऊ नका. आधीच कापून आलेले तुकडे मागा.

सिरॅमिक किंवा फिल्म करायचीच असेल तर डीलरला आधी सांगा की गाडी पॉलिश करू नका, नुसती पाण्याने धुऊन द्या.

पाणी आत येऊ नये म्हणून

‘७-डी’ नावाने विकले जाणारे, शिवलेल्या लेदरेटचे, पूर्ण फरशी झाकणारे मॅट गोव्यात घेऊ नका. जूनमध्ये ओल्या चपला, छत्रीचं पाणी शिवणीतून खाली उतरतं, फोम आणि मूळचा कार्पेट भिजतो, आणि वर झाकण असल्यामुळे तो ऑक्टोबरपर्यंत सुकत नाही. आधी कुबट वास येतो, मग बुरशी, आणि फरशीखालून जाणाऱ्या वायरच्या जोडांना हिरवा गंज. त्याऐवजी उभ्या कडांचे रबरी किंवा टीपीईचे (रबरासारख्या लवचीक प्लॅस्टिकचे) मॅट घ्या, तुमच्याच मॉडेलचे. उचलले, झटकले, नळाखाली धरले, झालं. ड्रायव्हरच्या बाजूचा मॅट फरशीवरच्या हुकात अडकलाच पाहिजे. जुन्या मॅटवर नवा मॅट कधीही टाकू नका. पुढे सरकलेला मॅट ॲक्सिलरेटरच्या पेडलखाली अडकतो.

मडफ्लॅप घ्याच. हजाराच्या आसपास पडतात आणि खाणपट्ट्यातल्या लाल चिखलापासून दरवाजांच्या खालच्या कडा वाचवतात. मूळ भोकांत, क्लिपवर बसणारे बघा. पत्र्याला ड्रिल करावं लागलं तर त्या भोकाच्या कडेला प्रायमर लावून मगच स्क्रू घालायला सांगा.

खिडक्यांवरचे डोअर व्हायजरही इथे उपयोगी. पावसात काच बोटभर उघडी ठेवता येते, काचा धूसर होत नाहीत. ते गळून पडतात ते बहुधा ओलसर पत्र्यावर चिकटवल्यामुळे. कोरड्या दिवशी, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, दाबून लावा आणि २४ तास पाणी लागू देऊ नका.

क्रोमच्या पट्ट्या मात्र नकोत. दुहेरी टेप एका बाजूने सुटते, आत वाळू आणि मीठ शिरतं, आणि गाडीच्या थरथरीबरोबर पट्टी कानशीसारखी रंग घासत राहते. दोन पावसाळ्यांनी पट्टी काढली, की खालचा रंग गेलेला दिसतो.

एक पैसाही न लागणारं काम सांगतो, कारण ते कोणीच सांगत नाही. वायपरच्या खाली, बॉनेट आणि काच यांच्यामध्ये जाळीदार प्लॅस्टिकचा भाग असतो. तिथे आंब्याची, गुलमोहराची पानं साचतात. त्याखालचं पाणी वाहून जायचं भोक बुजलं, की पाणी एसीच्या ब्लोअरमधून शेजारच्या सीटच्या पायाशी उतरतं. मे अखेरीस ती जागा हाताने साफ करा. सनरूफ असेल तर उघडून चारही कोपऱ्यांतली भोकं बघा. एकेका कोपऱ्यात अर्धा कप पाणी हळूहळू ओता, ते गाडीच्या खाली त्याच बाजूला ठिबकताना दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर ते छताच्या अस्तरात जातं आहे.

प्लॅस्टिकचं वॉटरप्रूफ कव्हर पावसाळ्यात गाडीवर घालू नका. आतली वाफ बाहेर जात नाही, आणि वाऱ्याने हलणारं धुळकट कव्हर रंग घासतं. पत्र्याची साधी शेड केव्हाही बरी. माडाखाली तर गाडी लावूच नका. नारळ पडलाच तर छताचा पत्रा सरळ होत नाही, आणि सुकं चुडतसुद्धा (झावळी) काच फोडायला पुरेसं आहे.

सीट कव्हर, काच, गार्ड

नव्या गाड्यांत बाजूची एअरबॅग बहुतेकदा सीटच्या कुशीत असते. बाहेरच्या कडेला शिवणीवर ‘एअरबॅग’ असा छोटा टॅग दिसतो. त्यावर घट्ट शिवलेलं कव्हर चढवलं, तर धडकेच्या क्षणी बॅग उघडायला अडते. कव्हर घ्यायचंच तर त्या बाजूला फाटणारी शिवण असलेलं, कंपनीच्या भागांच्या यादीतलं घ्या. कपड्याच्या मूळ सीट पावसाळ्यात नकली चामड्याहून बऱ्या, त्यांना हवा लागते. बुरशी टाळायची तर आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं एसी लावून काचा बंद ठेवून गाडी फिरवा.

काळ्या फिल्मचा मोह आवरा. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काचेवर फिल्म चिकटवण्यावर बंदी घातली. नियम असा, की पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने या मर्यादेतल्या फिल्मला मोकळीक दिली खरी, पण नाक्यावर पोलिसाशी तो वाद घालण्यापेक्षा उन्हात उभ्या गाडीच्या समोरच्या काचेला घडीचा पडदा लावा. तीनशे-चारशे रुपयांत डॅशबोर्डही वाचतो.

लोखंडी क्रॅश गार्डवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच बंदी आणली. तो धडकेचा मार थेट चेसिसकडे नेतो आणि एअरबॅगच्या सेन्सरचा हिशेब बिघडवतो. फुकट दिला तरी नको. नंबरप्लेटची फ्रेमही नको. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट डीलरच बसवून देतो.

वायरला हात लावण्याआधी

वॉरंटी बहुतेकदा इथेच बिघडते. हॉर्न, फॉग लॅम्प, म्युझिक काहीही लावा, पण वायर कापून टेप गुंडाळणाऱ्याकडे नको. तुमच्या मॉडेलचा कपलर (वायर न कापता बसणारा जोड) मिळतो, तोच वापरा. दमट हवेत टेपखालचा पिळलेला जोड काळा पडतो, तापतो, आणि बिघाड भलत्याच ठिकाणी दिसतो. हेडलाइटचा एच-४ बल्ब ६०/५५ वॅटचाच ठेवा. १००/९० वॅटचा बल्ब होल्डर वितळवतो आणि समोरच्याला आंधळा करतो.

डॅशकॅम मात्र जरूर घ्या. बॅटरीऐवजी कपॅसिटर असलेला बघा, कारण उन्हात लिथियमची बॅटरी फुगते. मेमरी कार्ड ‘हाय एन्ड्युरन्स’ प्रकारचं, ६४ जीबी पुरे. पार्किंगमध्येही चालू ठेवायचा असेल तर फ्यूज बॉक्समधून जोडणी करा आणि १२ व्होल्टच्या आसपास आपोआप बंद होणारं किट लावा, नाहीतर सकाळी गाडी सुरू होणार नाही. त्याच खरेदीत टायरमध्ये हवा भरणारा छोटा पंप आणि काच फोडायची, पट्टा कापायची हातोडी घ्या. हातोडी ड्रायव्हरच्या हाताला लागेल अशी ठेवा, डिकीत नको. ती बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर मारायची. समोरची काच दोन थरांची असते, ती मारून मोकळी होत नाही.

खर्च खरा कुठे करायचा

विम्यात. आणि विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही, बाहेरचे दोन दर हातात घेऊन बसा. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) विमा लागतोच, स्वतःच्या नुकसानीचा वर्षावर्षाने घेता येतो.

झीरो डेप्रिसिएशन, म्हणजे भागांच्या किमतीतून घसारा न कापणारं कलम, घ्या. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी यांच्या किमतीतून ५० टक्के कापले जातात, गाडी एका महिन्याची असली तरी. वीस हजारांचा बंपर गेला तर दहा हजार तुमचे. वर सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक दाव्यात तुम्हीच भरायची रक्कम, १,५०० सीसीपर्यंत १,००० रुपये आणि त्यापुढे २,०००. ही वजावट झीरो डेप्रिसिएशन घेतलं तरी द्यावीच लागते.

दुसरं, इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे पाणी शिरून इंजिनाचं होणारं नुकसान भरून देणारं कलम. इथे हे शोभेचं कलम नाही. जुलैत खाजनाकाठचा (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीलगतचा) रस्ता पाण्याखाली जातो, गाडी मध्येच बंद पडते आणि माणूस पुन्हा चावी फिरवतो. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साधी पॉलिसी ते नुकसान नाकारते. हे कलम असलं तरीही पाण्यात बंद पडलेली गाडी सुरू करू नका, ढकलून किंवा टो करून बाहेर काढा आणि आधी फोटो घ्या.

बाहेरून बसवलेलं महागडं म्युझिक वगैरे पॉलिसीत बिलासकट नोंदवा. विम्याच्या जुन्या दरपत्रकाप्रमाणे (टॅरिफ) त्याच्या किमतीच्या ४ टक्के प्रीमियम पडतो, म्हणजे २५,००० च्या सिस्टिमला वर्षाला १,०००. नोंद नसेल तर ते चोरीला गेल्यावर काहीच मिळत नाही.

वाढीव वॉरंटी ऑटोमॅटिक, टर्बो किंवा खूप इलेक्ट्रॉनिक्स असलेल्या गाडीला घ्यावी. पण डिलिव्हरीच्या दिवशीच घ्यायची गरज क्वचितच असते. मूळ वॉरंटी संपेपर्यंत बऱ्याच कंपन्या ती देतात, उशीर होईल तसा दर चढतो. टप्प्यांचा तक्ता मागून घ्या.

उंदरांचं काय? पावसात ते कोरडी, गरम जागा शोधत बॉनेटखाली येतात. एअर फिल्टरच्या तोंडाला आणि एसीच्या हवेच्या वाटेला स्टीलची बारीक जाळी लावा, नारळाच्या सोडणांच्या किंवा सरपणाच्या ढिगाजवळ गाडी लावू नका, आणि चार दिवस गाडी उभी असेल तर बॉनेट उघडून बघा. डांबरगोळ्या एसीच्या वाटेजवळ ठेवू नका, त्यांची वाफ गाडीतच येते.

पूजेच्या दिवशी पिंजर (कुंकू) ओली करून थेट बॉनेटवर स्वस्तिक काढलं, तर डाग राहतो. आधी त्या जागी मेणाचा किंवा सीलंटचा हात द्या, नाहीतर पिंजर छोट्या पारदर्शक फिल्मच्या तुकड्यावर काढा. रोजांच्या फुलांची माळ दोऱ्याने बांधा, तारेने बांधू नका. चाकाखाली लिंबू चिरडल्यावर रस कमानीत उडतो, तोही पाण्याने धुवा. नारळ मात्र गाडीपासून चार हात लांब, पायरीवर फोडा.